केतकीचे पाणी

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, केतकीला, घेऊन गावाबाहेर राहणाऱ्या वृद्ध आचार्यांकडे आला. अडखळणाऱ्या, बोबड्या मुलांना बोलते करण्यात आचार्यांची हयात गेली होती. केतकीला 'क' म्हणता येत नसे. तिथे 'त' येई. स्वतःचे नावही ती 'तेतती' असेच सांगायची. आता तर तिने बोलणेच टाकले होते, आणि बापाला अन्न गोड लागेनासे झाले होते.

आचार्यांनी तिला रोज आपल्या शिष्याकडे पाठवायला सांगितले. शिष्य मोठा उत्साही. "आधी क म्हण, मग चेंडू," असे म्हणत तो खेळण्यातला चेंडू हातात धरून तिच्या मागे लागे. शेवटी केतकीने चेंडूवरच पाणी सोडले.

एके दिवशी तिला न्यायला व्यापारी भर उन्हात आला. ओट्यावर टेकत म्हणाला, "आचार्य, घोटभर पानी मिळंल का?"

भरलेला तांब्या आचार्यांच्या हाताशीच होता. ते म्हणाले, "पानी नव्हे, पाणी. म्हणा."

व्यापारी ओशाळला. "पा... पानी."

"पुन्हा चुकलात. नीट म्हणा, मग देतो."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दारी आलेल्या वैऱ्यालाही गूळपाणी देणाऱ्या आपल्या गुरूंना आज झाले तरी काय? व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या. तहान न्हाई आता," तो म्हणाला.

आचार्यांनी लगेच उठून तांब्या त्याच्यापुढे धरला. "हे घ्या पाणी, आणि मला क्षमा करा. तुमची तहान मला पहिल्या शब्दालाच कळली होती, तरी मी तुमचा उच्चार तपासत बसलो. तुम्ही काय केलंत? मागणंच सोडलंत. केतकीनं तरी दुसरं काय केलं?" मग ते शिष्याकडे वळले. "बाळा, बरोबर शब्द तिच्या कानावर पडायलाच हवा. पण तो चेंडूसोबत पडू दे. आधी तिचं म्हणणं ऐकू, जिभेचं मागाहून बघू."

व्यापाऱ्याने तांब्या हातात तसाच धरला होता. "घरी मी बी हेच करत व्हतो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

शिष्याने मान खाली घातली. त्या दिवसापासून चेंडू केतकीपाशीच राहू लागला. खेळताना तो तिच्याकडे परत टाकला की शिष्य नुसता "केतकीचा चेंडू" म्हणे. उत्तर मागत नसे.

बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, खेळून दमलेली केतकी त्याच्याजवळ आली. त्याचे उपरणे ओढत हळूच म्हणाली, "तेततीला पानी."

'क म्हण' हे शिष्याच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

"केतकीला पाणी हवं? हे घे केतकीचं पाणी," म्हणत त्याने पेला भरून दिला.

ती घटाघटा प्यायली. मग रिकामा पेला पुढे करून म्हणाली, "अजून."