वरातीतली बॅटरी

गावात एकच मोटार होती, तेव्हाची ही गोष्ट. वरातीसाठी तिच्यावर दिव्यांच्या माळा चढवल्या आणि ती वाजंत्र्यांमागून मुंगीच्या पावलांनी निघाली. डायनॅमो बॅटरीला म्हणाला, “ताई, इंजिन जोरात फिरल्याशिवाय माझी वीज निघत नाही. आज सगळा भार तुझ्यावर.”

बॅटरी वीज पुरवत राहिली. दिवे मंदावले, तसे तिलाच टोचून बोलू लागले. शेवटी इंजिनला लागणाऱ्या ठिणगीपुरतीही वीज उरेना. इंजिन आचके देऊ लागलं.

“माळा बंद करा,” नवरी ड्रायव्हरला म्हणाली. “गॅसबत्त्या आहेत की पुढे.”

माळा विझल्या, इंजिन सावरलं. सासरच्या दारात उतरताना नवरीने बोनेटला हात जोडले. दिवे ते बघत राहिले.

पुढच्या वरातीला लागण्याआधी त्यांनी विचारलं, “ताई, तू पोटभर घेतलंस ना?”