दहावा माणूस

“मग मला का नाही मोजत, आबा?”

शद्रखचा आवाज चढला होता. बायबल कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला हा उपदेशक ज्यूंच्या दफनभूमीच्या भिंतीपाशी उभा होता. भिंतीला टेकून अमोसआबा बसले होते. त्याचे गुरू. चाळीस वर्षं या गावातल्या चर्चचे पाळक.

समोर हनोख झिराडकरांची कबर. देह खाली उतरवून झाला होता. भोवती नऊ म्हातारे, अलिबाग-पनवेलहून आलेले. मृतासाठी म्हणायची कद्दिश ही प्रार्थना दहा ज्यू पुरुष असल्याशिवाय म्हणत नाहीत. दहावा पेणहून अजून आला नव्हता. बाकीचे कधीच इस्राएलला गेले.

ऊन सुपारीच्या शेंड्यांवर पोचलं होतं; अंधारापूर्वी माती द्यायलाच हवी होती.

“मी पुढे झालो, म्हटलं दहावा मला धरा. तर एलिएझरकाका म्हणतात, ‘बाळा, तू नाही चालत.’ मी! दर शुक्रवारी ज्यू लोकांसाठी उपास करणारा! माझ्या प्रार्थनागटात दोनशे माणसं आहेत, आबा.”

“देवाला ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग झालं की. इथे कशाला भांडतोस?”

शद्रखने बायबल काखेत घट्ट धरलं.

“हे आपलं पाचारण आहे, देवाने सोपवलेलं काम. युरोपात यांची घरंच्या घरं मारली. मारणारे रविवारी चर्चमध्ये बसत होते. ते पाप कोणी फेडायचं?”

“तेव्हाही मोजणी व्हायची.”

“कसली?”

“दारं ठोठावून बाहेर काढायचे. ओळीत उभं करायचे. मोजायचे. एकही सुटायला नको म्हणून... मोजणारे आपलेच लोक.”

शद्रखने मान खाली घातली.

“हनोखभाऊ किती दिवस अंथरुणाला खिळले होते?” आबांनी विचारलं.

“...ठाऊक नाही.”

“सहा वर्षं. तुझ्या खोलीपासून चौथं घर.”

कबरीपाशी एलिएझरकाकांनी घड्याळ पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. पुस्तक मिटलं.

कद्दिश न म्हणताच माती पडू लागली.

फाटकाजवळ सिपोरा एकटी उभी होती. हनोखची मुलगी. सहा वर्षं बापाचं सगळं अंथरुणात तिनेच केलं होतं. मातीच्या प्रत्येक आवाजाला तिचे खांदे हलत होते.

“सकाळी तिनेही एलिएझरना विचारलं,” आबा म्हणाले. “‘काका, मी दहावी होऊ?’ तिलाही नाही म्हणाले.”

“आणि हे तुम्हाला पटतं?”

“मला पटून काय? जाब तिने विचारावा. तिच्या माणसांना.”

“मग मी करू तरी काय?” शद्रखचा आवाज फुटला. “या लोकांसाठी प्रार्थना करू तरी कशी?”

आबांनी हात पुढे केला. शद्रखच्या काखेतलं बायबल काढून घेतलं. आपल्या मांडीवर पालथं ठेवलं.

“जा. तिच्याशेजारी उभा राहा... आणि तिने म्हटल्याशिवाय आमेन म्हणू नकोस.”