भिवरेच्या सहाणेवरचे जायफळ

खाडीच्या एका वळणावर आंबेतळी नावाचे लहानसे गाव आहे. पोफळींच्या बागा, त्यांच्या सावलीत जायफळाची झाडे, आणि पलीकडच्या तीरावरून दिवसातून दोनदा येणारी होडी, एवढाच गावाचा पसारा. या गावी केवळनाथ महाराज एका चातुर्मासापुरते राहिले होते. अवघे चार महिने! पण ज्यांनी त्यांना पाहिले त्यांना ते चार महिने जन्मभर पुरले. निदान इतर साऱ्यांना पुरले. भिवरेला मात्र पुरले नाहीत. तिची ही कथा मी जशी ऐकली तशी सांगतो. सांगण्यात काही उणे राहिले तर ते माझे आहे, महाराजांचे नव्हे.

भिवरा भंडाऱ्याची विधवा. तिला मूलबाळ नव्हते. गावातल्या तान्ह्या मुलांना गुटी उगाळून देणे, हे तिचे काम. सकाळी ती घरोघरी जाई. सहाण धुवून घेई, तीवर आईच्या दुधाचे थेंब टाकी आणि एकेक जिन्नस उगाळी. हळकुंडाचे दोन वळसे, सुंठेचा एक, मुरुडशेंगेचा एक. वळसा म्हणजे सहाणेवर जिन्नस गोल फिरवण्याचा एक फेरा. जायफळाचा मात्र ती अर्धाच वळसा देई, आणि मूल सुस्त दिसले तर तोही नाही.

हे तिला महाराजांनीच सांगितले होते. ते जायफळाच्या झाडाखाली बसत. एकदा खाली पडलेले फळ त्यांनी फोडले, लाल जाळीतले बी तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "भिवरे, हे स्वयंपाकघरातले आहे म्हणून भोळे समजू नकोस. पुरणात घालतात तेच हे. यात झोप आहे. थोडी दिली तर मूल शांत निजते. जास्त दिली तर ते उठेल की नाही, ते सांगता येत नाही. गुटीच्या डब्यातल्या प्रत्येक वस्तूचे असेच आहे. गुण तिच्या अंगी आहे म्हणूनच तिचे भय धरायचे."

चातुर्मास संपला आणि महाराज होडीत बसले. भिवरा गुडघाभर पाण्यात उतरून म्हणाली, "परत कधी याल, महाराज?" महाराज म्हणाले, "येईन." एवढेच.

त्याला बारा वर्षे झाली. दर गुरुवारी दुपारी होडी यायच्या वेळी भिवरा धक्क्यावर जाऊन बसे. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचे पाय ती आधी पाही, मग तोंड. होडी रिकामी झाली की ती पदर झटकून उठे आणि घरी जाई. घरी गेल्यावर तिला जेवण जात नसे. कधी कधी तिला वाटे, महाराजांचा आवाज आपण विसरत चाललो आहोत. मग ती मोठ्याने "येईन" असे म्हणून पाही. तो तिचाच आवाज असे.

गावात जनार्दनशास्त्री नावाचे वैद्य होते. विद्या मोठी, हाताला गुणही होता. पण अहंकार फार. धक्क्याजवळच त्यांची पडवी होती. ते तिथून हाक मारीत, "काय गं भिवरे, आले का तुझे महाराज? की भरतीची वाट बघतायत?" आणि पडवीतली मंडळी खो-खो हसत.

"येतील की, शास्त्रीबुवा. मला कुठं घाई आहे?" भिवरा म्हणे.

"आणि तुझी ती सहाण! अगं, गुंज आहे, मासा आहे, तोळा आहे. वळसा हे माप कुठल्या ग्रंथात लिहिलंय?"

"ग्रंथात नसंल. पण ताजं जायफळ हाताला तेलकट लागतं, जुनं कोरडं लागतं. दोघांना एकच माप कसं लावू? आणि पोरही रोज सारखं नसतं."

शास्त्रीबुवा हसले. "बारा वर्षांत त्यांनी कुणाच्या हाती एक निरोप धाडला नाही. तू त्यांच्या लक्षात तरी असशील का गं?"

हाच प्रश्न भिवरा स्वतःला रोज विचारीत होती.

पुढे शास्त्रीबुवांची मुलगी मथुरा माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. गुटीसाठी मथुरेने भिवरामावशीला बोलवायचे म्हटले, तेव्हा शास्त्रीबुवा रागावले. त्यांनी स्वतः सगळे जिन्नस वजन करून कुटले, आपल्याच बागेतले ताजे जायफळ घातले, वस्त्रगाळ चूर्ण केले आणि चांदीच्या डबीत भरले. "एक चिमूट दुधातून. झालं! उगाळत बसायला नको."

बारशाचा दिवस गुरुवारच होता. घर पाहुण्यांनी भरलेले. पोर किरकिरत होती. मथुरेने तिला चिमूटभर चूर्ण दिले. थोड्या वेळाने मथुरेच्या सासूबाईंनी दिले. आत्याबाईंनी, कुणी दिले नसेल असे समजून, आणखी दिले. सहाणेला एकच हात लागतो. डबी उघडी होती, तिला सगळ्यांचे हात लागले. आणि कुणाची चिमूट केवढी, हे कोण पाहणार!

नाव ठेवायला पोरीला पाळण्यात घातले तेव्हा ती लुळी पडली होती. हाक मारली, उठेना. अंगाशी घेतली, दूध ओढीना. श्वास येई, मग कितीतरी वेळ येतच नसे. शास्त्रीबुवांनी नाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पोथ्या काढल्या, पाने उलटली. बारा दिवसांच्या जिवाला द्यावे असे त्यांत काही मिळेना.

"मावशीला बोलवा, बाबा," मथुरा म्हणाली.

"ती काय करणार?"

"मग तुम्ही काय करताय ते तरी सांगा!" मथुरा ओरडली.

शास्त्रीबुवा तसेच अनवाणी धक्क्याकडे धावले.

इकडे धक्क्यावर काय चालले होते! सकाळच्या होडीने आलेल्या एका माणसाने भिवरेला सांगितले होते की पलीकडच्या तीरावर एक म्हातारे कफनीवाले बुवा आंबेतळीची वाट विचारीत होते. दुपारची होडी आता खाडीच्या मध्यावर आली होती, आणि तिच्यात भगवे काहीतरी दिसत होते. भिवरा उभी राहिली होती. बारा वर्षे!

"भिवरे, पोर उठत नाही गं! जायफळ जास्त झालं," शास्त्रीबुवा धापा टाकीत म्हणाले.

भिवरेने एकदा होडीकडे पाहिले. अजून पाव घटकेचा अवकाश होता. मग तिने पाठ फिरवली. "किती जणींनी दिलं? कधीपासून?" असे विचारीतच ती चालू लागली. चालता चालता मनात म्हणाली, "महाराज, तुम्ही उतराल तेव्हा मी तिथं नसेन. राग धरू नका."

घरात शिरताच तिने धुरी विझवली, खिडक्या उघडल्या. "आता हिला काहीच द्यायचं नाही," ती म्हणाली. "उतारा नको, काढा नको. गिळत नाही त्याच्या तोंडात काही घालू नका." पोरीला कुशीवर वळवून तिने मांडीवर घेतले आणि तिच्या छातीवर नजर लावली. श्वास थांबला की ती तळपायाला टिचक्या मारी, हाक मारी. श्वास आला की मोजू लागे. एक, दोन, तीन. तिची मान वर झाली नाही. बाहेर होडी धक्क्याला लागल्याची होडीवाल्याची हाळी ऐकू आली. तेव्हाही नाही. फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले.

शास्त्रीबुवा कोपऱ्यात बसले होते. पोरीचा श्वास एकदा थांबला तो येईचना. टिचक्या झाल्या, हाका झाल्या. मथुरेने किंकाळी फोडली. आणि शास्त्रीबुवांनी पाहिले, भिवरेच्या मागे एक वृद्ध पुरुष उभे आहेत. कफनी भगवी, पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. ते वाकून पोरीकडे पाहत होते आणि त्यांचा हात भिवरेच्या खांद्यावर होता. "हं," महाराज म्हणाले. जणू झोपाळू मुलाला कुणी जागे करावे! आणि पोरीने श्वास घेतला.

असे तीनदा झाले. दिवेलागणीला पोरीने हात झाडला, तोंड वेडेवाकडे केले आणि टाहो फोडला. घरभर आनंद झाला. मथुरेने तिला छातीशी धरले.

"गेले कुठं?" शास्त्रीबुवा इकडेतिकडे पाहत म्हणाले.

"कोण?" भिवरेने विचारले.

"तुमच्या मागे उभे होते ते! दुपारपासून!"

एवढ्यात होडीवाला दारात आला. "शास्त्रीबुवा, एक बुवा इकडं आले का? पलीकडून होडीत बसले. धक्क्याला लागलो आणि बघतो तर जागा रिकामी! घाबरून दुपारपासून सगळीकडे शोधतोय."

भिवरा अगदी हळू म्हणाली, "तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले."

"आणि मी नाही." तिने डोळे पुसले. "केस पिकलेत का हो?"

"पांढरेशुभ्र."

"थकलेत?"

"थोडे वाकलेत." शास्त्रीबुवा तिच्याजवळ सरकले. "भिवराबाई, मी तुम्हांला हाक मारणार होतो, मान वर करा म्हणून. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाले, 'तिला बोलावू नकोस. बारा वर्षं ती माझी वाट बघते, हे मला ठाऊक आहे. पण आज ती जिकडे बघते आहे, मीही तिकडेच बघायला आलो आहे.'"

भिवरेने पदरात तोंड लपवले. ती दुःखाने रडत होती की सुखाने, हे तिथे कुणालाही सांगता आले नसते.

ज्या शास्त्रीबुवांनी आजवर तिला उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते, ते सगळ्या पाहुण्यांदेखत पुढे आले आणि त्यांनी आपले मस्तक तिच्या पायांवर ठेवले. भिवरा दचकून मागे सरली. "अहो, माझ्या पायांवर कसलं? ते उभे होते तिथं ठेवा."

"तिथंच ठेवतोय," शास्त्रीबुवा म्हणाले. मग त्यांनी तिच्या मागच्या जमिनीवर कपाळ टेकले, आणि भिवरेनेही वळून त्यांच्या शेजारी टेकले.

बऱ्याच वेळाने दोघे उठून बसले. भिवरा म्हणाली, "शास्त्रीबुवा, पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून."

आणि शास्त्रीबुवा हात जोडून, तिच्यासमोर जमिनीवर बसून, सांगू लागले.