धुक्याचे वजन

फार जुनी गोष्ट. राज्याच्या सीमेवर, डोंगराच्या खिंडीत एक गाव होते. तिथे मूठभर नाचणीशिवाय काही पिकत नसे, तरी गाव उपाशी नव्हते. खालून समुद्राकाठचे लोक बैलांवर मीठ आणत, वरून पठारावरचे लोक जोंधळा आणत. गावच्या चौथऱ्यावर त्यांची अदलाबदल होई.

लाकडी पायलीने मोजण्याचे काम एका म्हाताऱ्या मापाऱ्याकडे होते. दर मापामागे एक मूठ गावाची. त्या मुठींवर साऱ्या चुली पेटत.

एका वर्षी राजाने नवा कारभारी धाडला. पायली पाहून तो हसला. "आजोबा, हे कुठल्या काळातले भांडे? उद्यापासून सगळे तराजूवर."

"सरकार, इथे तराजू चालायचा नाही."

"का? घाट चढून त्याला धाप लागते?"

लोक हसले. म्हाताऱ्याच्या ते जिव्हारी लागले. पायली पालथी घालून तो घरी गेला.

पुढे खिंडीत धुके उतरले. पठारावरच्यांनी तिथेच तराजूवर तोललेले मीठ घरी नेले. तिथल्या उन्हात ते सुकले आणि वजनाला कमी भरले.

"चोर लेकाचे!" ते म्हणाले.

"चोर तुम्ही!" मीठवाले म्हणाले.

दोघांचे बैल खिंडीत येईनासे झाले. महिन्याभरात गावातल्या मडक्यांचे तळ दिसू लागले. मापाऱ्याच्या घरीही अळणी आंबील शिजू लागली.

कारभारी त्याच्या दारात आला. "आजोबा, चोर कोण, ते तुम्हीच सांगा."

"दोन्हीकडच्या नायकांना बोलवा. तराजूही आणा."

सगळे जमले. म्हाताऱ्याने एका पारड्यात मीठ पसरले, दुसऱ्यात दगड ठेवून काटा जुळवला. "आता कोणी हात लावायचा नाही. बसा."

चौथऱ्यावर धुके दाटले होते. दुपारपर्यंत मिठाचे पारडे हळूहळू खाली गेले.

"हा तुमचा चोर," मापाऱ्याने धुक्याकडे बोट दाखवले. "तराजूत चढून बसतो. पायलीत त्याला जागा नाही."

कारभारी ओशाळला. "मग तेव्हाच का नाही सांगितलेत?"

"तुम्ही विचारले नाहीत. आणि मी रुसून बसलो. गाव आपल्या दोघांमुळे उपाशी राहिले."

कारभाऱ्याने स्वतः पायली आणून सुलटी ठेवली. मीठवाल्यांचा नायक म्हणाला, "आजोबा, आज मूठ जरा मोठी घ्या."

"माझी मूठ आहे तेवढीच आहे," म्हातारा म्हणाला, आणि मोजू लागला.

त्या दिवशी घराघरांवर धूर दिसला. भाकरी जोंधळ्याची होती आणि तिच्यात मीठ होते.

तात्पर्य: रीत बदलणाऱ्याने आधी विचारावे, आणि जाणत्याने रुसून गप्प बसू नये.