पोटाशी धरलेल्या अंड्यांची कहाणी

ऐका चूलमाय, तुमची कहाणी. आटपाट गांव होतं, उशाला डोंगर, पायथ्याला नदी. तिथं गोजरा नांवाची कुणब्याची सून होती. तिचं तान्हं बाळ पाळण्यातच गेलं. तेव्हापासून सासू तिच्याशी धड बोलेना. नवरा लांब मुलखी चाकरीला. घर कसं मुकं झालं.

घरची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. एके सकाळी मुंगसानं तिला नेली. गोजरानं अंड्यांना हात लावला, तों अजून ऊन होतीं. मग ती पहिल्या घरीं गेली. "बाई, तुमची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली आहे का?" "नाही गं." दुसऱ्या घरीं गेली. "नाही गं." तिसऱ्या घरीं गेली. "आहे, पण तिच्याखालीं जागा नाही." मग ती घरीं आली, चुलीपुढं बसली, रडतां रडतां डोळा लागला.

स्वप्नांत चुलींतून एक म्हातारी निघाली. अंगाला राख, कपाळीं निखाऱ्याएवढं कुंकू. "मुली मुली, रडतेस का?" "माय, अंडीं निवताहेत." "मग वसा घे. अंडीं मऊ फडक्यांत पोटाशी बांध. सकाळी फिरव, दुपारी फिरव, तिन्हीसांजा फिरव. जड बोल बोलूं नको. ऊब मागेल त्याला नाही म्हणूं नको. उतूं नको, मातूं नको, घेतला वसा टाकूं नको."

गोजरानं वसा घेतला. अंडीं पोटाशी बांधून दळायची, सारवायची, हळू चालायची. उन्हाकडं अंडं धरलं, कीं आंत तांबड्या रेषा दिसत, मधे ठिपका थरथरे. बघतां बघतां तिला गुंगी येई. सासू म्हणे, "बाई आहेस कीं कोंबडी?" गोजरा जड बोलली नाही.

पुढं सासूला हिंव भरलं. दांत वाजूं लागले. "ऊब दे गं मला," म्हणाली. घरांत एकच गोधडी, ती घातली. हिंव जाईना. वैद नदीपल्याड. पाण्यांत उतरावं तर अंडीं गारठणार. गोजरा उंबऱ्यांत घुटमळली. मग फडकं सोडलं, अंडीं सासूच्या कुशींत ठेवलीं. "आत्याबाई, माझा जीव तुमच्यापाशी ठेवते. जपा."

ती गेली. ताप चढला. सासूला वाटलं, आपण कापसाच्या ढिगावर निजलोय, नातवंड पोटाशी आहे, कुणी आंतून दार वाजवतंय. तिनं कूस बदलली नाही.

गोजरा ओलेत्यानं आली, वैदानं दिलेली मुळी उगाळली, चाटवली. मग ताप उतरला. सासू कुजबुजली, "हळू गं पोरी. कुणीतरी बोलतंय."

गोधडी उचलली, तों एक ओलं पिल्लू. मग दुसरं. मग कितीतरी. एक सासूच्या तळहातावर चढून निजलं. सासूचे डोळे भरले. "आपलं बाळ हातांत घेतलं कीं असंच ऊन-ऊन लागायचं."

गोजरा तिच्याजवळ गोधडींत शिरली. मग दोघी बाळाचं नांव घेऊन बोलूं लागल्या, तें दिवेलागणीपर्यंत.

बायांनो, गोजराला चूलमाय पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. गार कुशीला ऊब मिळो, मुक्या घराला बोल फुटो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं तुमच्या पदरीं सुफळ होवो.