उंबराची तार

"...पण माई, मुळात झाडाला तार गुंडाळणं ही हिंसाच नाही का?"

माईंनी डोळे मिटले. हाच प्रश्न देवस्थळी चैत्रात घेऊन आले होते. ज्येष्ठातही. तेव्हा 'हिंसा'ऐवजी 'आक्रमण' म्हणाले होते, एवढाच फरक.

देवस्थळी तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. टेकडीवरच्या मठात माईंकडे बोनसाय शिकायला येत. आज मांडीवर कुंडी होती. तिच्यात दीड वितीचा उंबर, त्यांनीच बी रुजवून वाढवलेला. खालच्या फांदीला वळण यावं म्हणून तिच्याभोवती तांब्याची तार.

"रानात असता तर आभाळाला भिडला असता. आपण त्याला ताटलीभर मातीत कोंडतो. याला कला म्हणायचं, की... की माझा प्रश्नच चुकतोय?"

"चालू दे बाबा तुझं."

"बरं, कड्यावरचा उंबरही खुरटाच राहतो. म्हणजे वारा करतो तेच आपण..."

"वारा एवढं बोलत नाही."

देवस्थळी ओशाळले. पण राहवेना.

"एकदा हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, माई. म्हणजे मी सुटलो."

"तू सुटशील रे..." माईंनी त्यांचं बोट धरलं आणि त्या फांदीवर टेकवलं.

बोटाला साल लागली. तार लागेना. पावसात फांदी फुगली होती आणि तार सालीत पार रुतली होती.

"पावसाआधी काढ म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं. पण गुंडाळणंच योग्य की नाही, हे ठरल्याशिवाय हात कसा..."

माईंनी कपाळावर हात मारला आणि पक्कड पुढे केली.

देवस्थळी तारेचं टोक धरून वेढे उलगडू लागले.

"अरे, उलगडू नकोस! साल सोलून निघेल. तोड. तुकडे कर."

त्यांनी पकडीने एकेक वेढा तोडला. कुठे कुठे चीक आला. फांदी बोटभर वर उचलली गेली... आणि थांबली. तिच्याभोवती मळसूत्रासारखा खोल वण उरला.

देवस्थळींचे डोळे भरले. त्यांनी तारेचे तुकडे एकेक करून वेचले.

मग घसा खाकरला.

"माई... हा वण कुणाचा म्हणायचा? कलेचा, की निसर्गाचा?"

"तुझ्या प्रश्नाचा," माई म्हणाल्या. "पाणी घाल त्याला."