कावळ्याला विचारण्याआधी

एकदा एक बाई स्वतःच्या अंत्ययात्रेचा सगळा बेत मनाशी पक्का करून भर दुपारी एका दुकानाची पायरी चढल्या. दचकलात ना? आपल्याकडे मरणाचे नाव काढले की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणणारे लगेच उठतात. पण बाई ज्या दुकानात आल्या, तिथे हाच विषय चालतो. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी हणमंतशेटचे अंत्यविधीच्या साहित्याचे दुकान होते. बांबू, मडकी, पांढरे कापड इथपासून शववाहिका आणि गुरुजींपर्यंत सगळे तेच बघत. अलीकडे त्यांनी एक नवी सोय सुरू केली होती. माणसाने हयातीतच येऊन आपले शेवटचे सगळे ठरवून जायचे, म्हणजे ऐनवेळी घरच्यांची धावाधाव होत नाही.

ही सोय त्यांना लावून दिली होती एका वृद्ध सल्लागाराने. सगळे त्यांना आबा म्हणत. आसपासच्या जिल्ह्यांतले असे कितीतरी दुकानदार त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते, आणि ते योग्यच होते. मरणाविषयी जिवंत माणसाशी बोलायचे कसे, हे आबांइतके कुणालाच साधले नव्हते. आवाज कधी चढायचा नाही, आणि चेहऱ्यावर उगीच सुतकी कळाही नसायची. त्यांच्या हाताखाली मृणाल नावाची तरुणी हे काम शिकत होती. मुलगी हुशार, पण जरा उतावळी.

तर आलेल्या बाई म्हणजे मालिनीबाई. सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, वॉर्डची शिस्त अजून अंगात मुरलेली. खुर्चीवर बसता बसताच त्यांनी मृणालला फर्मावले, “लिहून घे गं. कापड सुती. हार एकच, शेवंतीचा. विद्युतदाहिनी. दहावा-तेरावा काही नको. अस्थी तुमच्याच माणसानं नदीत सोडायच्या. मुलगा कोल्हापूरला असतो. त्याला सगळं उरकल्यावर कळवलं तरी चालेल. त्याला माझा त्रास नको.”

मृणालचे पेन भराभर चालले होते. हणमंतशेट तर खूष. इतके स्पष्ट बोलणारे गिऱ्हाईक रोज कुठे मिळते? एवढ्यात आबांनी विचारले, “ताई, मुलाला हे ठाऊक आहे?”

“नाही. कशाला?”

“मग आम्हाला हे काम घेता येणार नाही,” आबा शांतपणे म्हणाले. “त्याऐवजी असं करा, रविवारी मुलाला जेवायला बोलवा. आम्हालाही बोलावलंत तर येऊ. फार काही करू नका, आमटी-भात पुरे.”

मालिनीबाई उसळल्या. “अहो, मी माझ्या मरणाचं बोलतेय आणि तुम्ही जेवणाचं काय काढलंत!”

“दहावा नको म्हणालात. का बरं?”

या साध्या प्रश्नाने बाईंचा आवाज एकदम खाली आला. यजमानांच्या दहाव्याला त्या घाटावर उभ्या होत्या. पिंड मांडला होता, पण कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली मात्र एकही येईना. मग आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. गेलेल्याची इच्छा राहिली असणार, असे म्हणून एकेक जण पुढे होतो आणि हात जोडून वचन देतो. दीर म्हणाले, शेत विकणार नाही. नणंद म्हणाली, वहिनीला अंतर देणार नाही. कुणी काही, कुणी काही. ऊन डोक्यावर आले तरी कावळा हलेना. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. “इतकी वर्षं संसार केला,” मालिनीबाई म्हणाल्या, “आणि त्यांच्या मनात काय राहिलं होतं, ते मला सांगता आलं नाही. तशी पाळी माझ्या पोरावर नको.”

“म्हणूनच म्हणतो, बोलवा त्याला,” आबा म्हणाले. बाई पिशवी उचलून उठून गेल्या.

त्या गेल्यावर हणमंतशेटनी कपाळाला हात लावला. “आबा, चालत आलेलं गिऱ्हाईक तुम्ही आमटी-भातावर घालवलंत!” मृणाललाही ते पटले नव्हते. बाईंना काय हवे ते बाईंनी सांगितले होते, ते करून देणे हेच तर आपले काम. पण आबांनी पानाचा डबा उघडला आणि विषय मिटवला.

शनिवारी मालिनीबाईंचा फोन आला. “मुलगा येतोय. तुम्हीही या. आमटी कटाची आहे.” कटाची आमटी म्हणजे पुरणही आलेच. फार काही करू नका म्हटले तर आपल्या बायका तेवढे ऐकतात होय!

रविवारी आबा आणि मृणाल पोचले तेव्हा पाने मांडली होती. श्रीरंग, बाईंचा मुलगा, खाली मान घालून जेवत होता. आल्यापासून आईशी त्याचे बोलणे ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच. मालिनीबाईंनी आमटी वाढता वाढता, वॉर्डातल्या पेशंटला सांगावे तसे, सगळे सांगून टाकले. कापड, हार, दाहिनी, अस्थी.

“आई! जेवताना हे काय अभद्र!” श्रीरंगचा घास हातातच राहिला.

मृणालला राहवेना. ती समजावायला तोंड उघडणार, तोच आबांनी तिच्या पानात कुरडई वाढली आणि डोळ्यांनीच सांगितले, खा. ती कुरडई मोडण्याचा आवाज काय तो खोलीत झाला. आबा मात्र निवांत भात कालवत होते, जणू ही शांतता त्यांनीच मागवली होती.

मग श्रीरंगने घास परत पानात ठेवला. “आई, बाबांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं.”

मालिनीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

“शेवटच्या आजारात म्हणाले होते, आईला एकटी ठेवू नकोस, तुझ्याकडे घेऊन जा. आणि आमची ती दोन खोल्यांची जागा, घरात आधीच कुरबुरी... घाटावर सगळे वचनं देत होते तेव्हा मी मुकाट मागे उभा होतो. मी बोललो असतो तर कावळा शिवला असता, हे मला कळत होतं. पण खोटं वचन देववेना गं. तेव्हापासून या घराची पायरी चढायची म्हटलं की पाय जड होतात.”

“म्हणून येत नव्हतास?” मालिनीबाई डाव ठेवून त्याच्याशेजारी बसल्या. “आणि मला वाटायचं, मी तुला जड झाले! अरे वेड्या, तुझ्याकडे यायचंच कुणाला होतं? माझं घर आहे, परसातली जास्वंद आहे, शेजारणी आहेत. त्यांनी मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं त्यांना, मी कुठ्ठे जाणार नाही!” आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. श्रीरंगने उष्ट्या हातानेच आईचे मनगट धरले.

“मग तुला हवंय तरी काय?” त्याने विचारले.

“महिन्यातून एकदा माझ्या हातचं जेवून जा. बस्स. बाकी सगळं मी ठरवलंय.”

“अस्थी मात्र मी सोडणार. दुकानाचा माणूस नाही.”

“बरं बाबा, तू सोड,” मालिनीबाई म्हणाल्या. ते ‘बरं’ म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर केवढे समाधान होते!

हात धुवायला परसात आल्यावर मृणालने विचारले, “आबा, हे सगळं तुम्हाला माहीत होतं?”

“मला काय माहीत असणार? पण ‘मुलाला त्रास नको’ हे त्या इतक्या तुटकपणे म्हणाल्या, तेव्हाच वाटलं, इथं काहीतरी बोलायचं राहिलंय.” आबांनी पंच्याला हात पुसले. “हे बघ पोरी, कापड नि लाकूड काय, कुठलंही दुकान देईल. जो प्रश्न जेवताना समोरच्या माणसाला विचारायचा, तो आपण दहाव्या दिवशी कावळ्याला विचारतो. तो प्रश्न अलीकडे आणायचा, एवढंच आपलं काम. बाईंनी मरणाची सगळी तयारी केली होती, पण त्यातून मुलालाच वगळलं होतं. धावाधाव वाचवावी. पोराच्या वाट्याचं शेवटचं काम मात्र त्याला ठेवावं.”

आपण दुकानात भराभर काय लिहून घेत होतो, ते मृणालला आता उमगले होते.

तेवढ्यात मालिनीबाई पुरणपोळीचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. कुंपणाच्या भिंतीवर एक कावळा मान वाकडी करून बसला होता. बाईंनी तुकडा भिंतीवर ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि मेट्रनच्या जुन्या आवाजात त्याला बजावले, “खा मुकाट्यानं. आणि माझ्या वेळेला झाडावर बसून भाव खाऊ नकोस. आमचं आम्ही बोललोय.”

कावळ्याने तुकडा उचलला आणि तो उडून गेला.

तुमच्याकडे येत्या रविवारी जेवायला कोण आहे?